एकच काच

“उन्हात फार वावर असतो का?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“असतो की! गच्चीवर कपडे वाळत घालते ना,” वेल्डरच्या बायकोने पटकन सांगून टाकले.

शेजारी वेल्डर मान खाली घालून बसला होता. कसली गच्ची नि कसलं काय! ती दिवसभर दुकानाच्या पत्र्याखाली त्याच्या डाव्या हाताला उभी असायची. तो जोड मारायचा, ती लोखंड धरायची. तोंडापुढे धरायची काळी काच एकच, ती त्याच्याकडे. “मीट डोळे,” तो म्हणायचा आणि ती मिटायची. सत्तावीस वर्षे असेच चालले. दुसरी काच आणायचे दर वर्षी ठरायचे नि राहून जायचे. गाठ आली ती तिच्या उजव्या पापणीवर, त्याच्या बाजूच्या.

गप्प बसला असता तर निभावलेही असते, पण त्याला राहवेना.

“ऊन नाही हो. माझ्या वेल्डिंगचा उजेड आहे हा.”

“अहो, गप्प बसा ना!”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. “त्या उजेडात अतिनील किरण असतात. ते पेशीत शिरले की तिथल्या ऑक्सिजनला भलतंच रूप येतं, समोर येईल त्याची तो नासधूस करतो. पेशी डागडुजी करत राहते, पण रोजचाच मारा असला की तिचंही काही चालत नाही. मग ती बिघडते आणि वाटेल तशी वाढत सुटते.”

“म्हणजे गंजच की.”

“तसंच म्हणा. आता तो आत पोचलाय. डोळा काढावा लागेल.”

“पापणी मिटली की झालं, असं वाटायचं मला,” तो पुटपुटला.

“पापणीही कातडीच ना, काका.”

बाहेर आल्यावर बायको कडाडली, “मोठे खरं बोलणारे लागून गेलात!”

“एकदा तरी भांडून काच मागायचीस गं.”

“आणि तुमचा जोड वाकडा गेला असता म्हणजे?”

त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्स तिला न्यायला आली. तेव्हा ती त्याला म्हणाली, “जरा समोर उभे राहा. इतकी वर्षं शेजारी उभी राहिले, पण कामात तुमचा चेहरा कधी दिसलाच नाही. तुमच्या तोंडापुढे काच, माझे डोळे मिटलेले. या डोळ्यानं नीट बघून घेऊ दे.”

तो समोर उभा राहिला. डोळे पुसायला हात वर गेला, पण चेहरा झाकला जाईल म्हणून त्याने तो तसाच खाली घेतला.