कोनाड्याचा पहिला पाव

मी एक जुनी भट्टी आहे. बेकरीच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून बसलेली, तोंडावर काजळी धरलेली. मित्रांनो, या वयात हेवादावा शोभत नाही, हे मला कळतं. पण जन्मभर मी एका कोनाड्यावर जळत आले.

ज्या गवंड्याने मला बांधलं, त्यानेच शेजारच्या भिंतीत चार विटांची जागा मोकळी सोडली. तोच हा कोनाडा. ना धूर, ना राख, ना काम. तरी रोज सकाळी मालक माझ्या पोटात आधी एकच पाव सरकवायचे. भाजला की उलटा करून बुड बघायचे आणि हात जोडून कोनाड्यात ठेवायचे. तो देवाचा. तो विकायचा नाही. दुपारी रस्ता झाडणाऱ्या मावशी तो न्यायच्या आणि चहात बुडवून खायच्या. घाम माझा, मान कोनाड्याचा. नंतरचे दोनशे पाव लोक वाखाणत न्यायचे, पण मला कधी कुणी हात जोडले नाहीत.

पुढे मालकांचे गुडघे धरले आणि सूनबाईंनी काम हाती घेतलं. बाई चटपटीत. समोर नवी बेकरी उघडलेली, सकाळची गिऱ्हाइकं तिकडे वळत होती. एका पावासाठी भट्टी अडवून ठेवणं त्यांना पटेना. "बाबा, पाव देवाला लागत नाही, गिऱ्हाइकाला लागतो," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून पहिल्याच खेपेला मी गच्च भरले जाऊ लागले आणि कोनाड्यात रिकाम्या पिशव्या कोंबल्या गेल्या. खोटं कशाला सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मावशी दोन दिवस डोकावल्या आणि रिकाम्या हाती परत गेल्या. त्यांच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

आठवड्याभरात पाव परत येऊ लागले. बुडाला काळे, आत कच्चे. कोपऱ्यावरच्या खाणावळवाल्या काकूही समोरून पाव घेऊ लागल्या. सूनबाईंनी माझ्या तोंडात डोकावून पाहिलं आणि भट्टी म्हातारी झाली, पाडून विजेची बसवू, असं ठरवून टाकलं. गवंडी येऊन माझ्यावर खडूने फुली मारून गेला.

ती फुली बघून मालक पिठाच्या पोत्यावर बसले आणि सूनबाईंना म्हणाले,

"पहिला एकटा पाव टाकत नाहीस?"

"नाही. सगळे एकदम."

"अगं, त्याचं बुड बघून आच किती कडक आहे ते कळायचं, मग मी निखारे मागे ओढायचो. तो बिघडायचाच. विकायचा नव्हता, म्हणून बिघडायला मोकळा होता."

सूनबाईंनी कोनाड्याकडे बघितलं. "म्हणजे इतकी वर्षं देवाला करपलेला पाव?"

"एकदा तरी परत घेऊन आलाय का देव?"

सूनबाईंना हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिला पाव एकटा भाजला, बुड बघितलं, निखारे ओढले. मग कोनाडा पुसून त्यात तो ठेवला आणि हातही जोडले. नंतरचे पाव बदामी निघाले. गवंड्याला नको म्हणून निरोप गेला. दुपारी मावशींनी पाव उलटापालटा केला आणि कुरकुरल्या, "आज कमी करपलाय. चहात लगेच विरघळेल."

मित्रांनो, माझी रोजची पहिली चूक तो कोनाडा इतकी वर्षं पोटात घालत होता आणि मी त्याच्याच नावाने खडे फोडत होते. म्हणून हेवा संपला का? छे. पण एक मागणं आहे. ज्याच्याकडून रोज काम घेता, त्याला दिवसातून एकदा चुकायला जागा ठेवा. आणि कोनाडा झाडायला याल, तेव्हा आधी माझी राख काढा.