माफ केलेला माणूस

डिंडोलीच्या त्या चाळीत नवं बिऱ्हाड आलं, की आठवड्याच्या आत उज्ज्वला त्यांना एक हकीकत ऐकवायचीच. नवऱ्याचा, प्रदीपचा, उजवा हात उधन्याच्या कारखान्यात कसा गेला. समोरच्याच खोलीतल्या गजेंद्रने मोबाइलच्या नादात, हाक न देता मशीन कसं चालू केलं. आणि तरीही आम्ही ख्रिस्ती माणसं, म्हणून पोलिसात न जाता त्याला कसं माफ केलं! ऐकणारा तिच्या मोठ्या मनाचं कौतुक करायचा आणि जाता जाता समोरच्या दाराकडे बघायचा. आपण देवाची साक्षच देतो आहोत, असं उज्ज्वलाला मनापासून वाटे. अशी माफी आपल्यापैकी किती जण देतात, हे ज्याचं त्यानं स्वतःला विचारावं.

एका शनिवारी संध्याकाळी गजेंद्र दारात येऊन उभा राहिला. अपघातानंतरच्या दोन वर्षांत पहिल्यांदाच. सासूबाई सोनाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. काहीतरी मागायला आला असेल, असं उज्ज्वलाला वाटलं. तो मागायलाच आला होता.

"ताई, पोलिसात तक्रार देऊन टाका. मी सगळं कबूल करतो."

उज्ज्वलाचे कणकेतले हात तसेच राहिले. "शुद्धीवर आहात ना भाऊ? आम्ही माफ केलंय तुम्हाला."

"माहीत आहे. अख्ख्या चाळीला माहीत आहे. माझ्या पोरीला शाळेत हाततोड्याची पोर म्हणतात. जेल झाली तर कधीतरी सुटेन तरी. तुमच्या माफीतून सुटका नाही, ताई."

एवढं बोलून तो गेला. उज्ज्वला सुन्न झाली. माफीपेक्षा तुरुंग बरा! असं कोणी म्हणू शकतं? मग तिला संतापच आला. हात आमचा गेला आणि वर आम्हालाच बोल? ती सासूपाशी फणफणली.

सोनाबाईंनी सुपलं बाजूला ठेवलं. "पोरी, हात माझ्या लेकाचा गेलाय, विसरू नको. तू गजेंद्रवर दया केलीस, शिक्षा टाळलीस. पण कृपा केली नाहीस. देवानं माझी पापं माफ करून रोज चारचौघांत वाचून दाखवली असती, तर मी कुठल्या तोंडानं प्रार्थनेला बसले असते? त्यानं मला लायकी नसताना लेकरू म्हणून घरात घेतलं."

दोन वर्षांत किती जणांना ती हकीकत सांगितली, हे आठवता आठवता उज्ज्वला शरमून गेली.

रविवारी सकाळी तिने स्वतः समोरचं दार वाजवलं आणि गजेंद्रच्या कुटुंबाला भक्तीला, प्रार्थनासभेला, घेऊन गेली. अपघातानंतर त्यांनी सभेत पाऊल टाकलं नव्हतं. भक्ती संपल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांचा हात हातात घेऊन सलाम करू लागले. नवापूरहून आलेल्या पाळकांपुढे प्रदीपने डावा हात केला.

"उजव्याला काय झालं, बाबा?" त्यांनी विचारलं.

गजेंद्रची मान खाली गेली. सवयीने सगळी हकीकत उज्ज्वलाच्या ओठांवर आली होती.

"मशीनमध्ये गेला, पाळकसाहेब," ती म्हणाली. "आणि हे आमचे गजेंद्रभाऊ. आज आमच्याकडेच जेवायला आहेत."

गजेंद्रने मान वर केली. प्रदीपने त्याच डाव्या हाताने त्याचा हात धरला आणि सुटू दिला नाही.

मित्रहो, शिक्षा न करणं म्हणजे अर्धीच माफी. माफ केलेल्या माणसाला चारचौघांत मान वर करून उभं राहता आलं, की ती पुरी होते.