हाताची घडी, तोंड मोकळं

विद्यापीठात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांची सगळी व्यवस्था ताईंकडे होती. बिझनेस व्हिसावर चार दिवस आलेल्या पाहुण्यानं चर्चा करावी, सल्ला द्यावा, एखादं व्याख्यान द्यावं आणि सुखानं घरी जावं. कामाला मात्र हात लावू नये. हे त्या प्राध्यापकांच्या कानीकपाळी ओरडत. प्राध्यापक मान डोलावत आणि पाहुण्याला कामाला जुंपत. मागे एका पाहुणीकडून कुणीतरी अख्खा वर्ग शिकवून घेतला, तर पुढच्या खेपेला बिचारीला व्हिसाच मिळाला नाही. तेव्हापासून ताई डोळ्यांत तेल घालून असत.

या मंडळींत सगळ्यांत वांड म्हणजे ताईंचा सख्खा थोरला भाऊ, रसायनशास्त्राचा प्राध्यापक. त्यानं यंदा आपल्या जुन्या परदेशी मित्राला बोलावलं होतं. तरुणपणी दोघांनी मिळून काचेच्या नळ्यांचं एक यंत्र उभं केलं होतं. आता त्यातली एक नळी तडकली होती. बदलायला कपाटात कापसात गुंडाळलेली एकच शिल्लक होती. विभागप्रमुखांनी बजावलं होतं, या आठवड्यात यंत्र चालू झालं तर ठीक, नाहीतर भंगारात. दादाचं अर्धं आयुष्य त्या यंत्रापाशी गेलेलं.

"नळी तो बसवेल," दादा ताईंच्या ऑफिसात येऊन म्हणाला.

"तो सांगेल, तू बसवशील."

"अगं, किती चिमूटभर काम ते!"

"काम म्हणालास ना? मग मिटलंच."

"कोण बघायला येतंय?"

"मी येतेय. चहा घेतोस?"

"नको, सोडलाय मी. पित्त होतं."

तो तोंड पाडून गेला. ताईंना रागच आला. एरवी त्या यंत्राला दुसऱ्या कुणाचं बोट लागलं तरी हा घर डोक्यावर घ्यायचा, आणि आता पाहुण्याला पुढे करून स्वतः नामानिराळा राहतोय!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्रयोगशाळेत स्टूल टाकून बसल्या. पाहुणा उंचापुरा आणि हसरा होता. नियम ऐकताच त्यानं शाळकरी पोरासारखी हाताची घडी घातली.

"हाताची घडी, तोंड मोकळं," ताई म्हणाल्या. दादानं ते त्याला त्याच्या भाषेत सांगितलं, तेव्हा तो पोट धरून हसला आणि घाईघाईनं पुन्हा घडी घालून उभा राहिला.

मग मित्र बोलत राहिला आणि दादा करत राहिला. स्क्रू सैल झाले, तडकलेली नळी निघाली. इथवर ठीक होतं. मग दादानं कापसातली नळी उचलली, आणि काचेवर काच किणकिणायला लागली. ताईंना आधी वाटलं, खिडकी वाजतेय. मग त्यांनी दादाचा हात पाहिला. तो थरथरत होता. दादानं नळी मागे घेतली, श्वास घेतला, पुन्हा पुढे नेली. पुन्हा तीच किणकिण. ताईंकडे बघायचं तो टाळत होता.

पित्त म्हणे! चहा का सुटला, जेवताना आमटी का नको असते, सगळं एकदम कळलं. सख्ख्या बहिणीपासून लपवलं, आणि मित्राला मात्र ठाऊक होतं. म्हणून तर तो एवढ्या लांबून आला होता. ताईंना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या मित्राचा थोडा हेवाही वाटला.

पाहुण्याची घडी सुटली होती. हात अर्ध्या वाटेवर थांबवून तो ताईंच्या तोंडाकडे बघत होता.

"बघतोस काय?" ताई म्हणाल्या. "नळीला हात लावू नकोस. माझ्या भावाला धर!"

भाषा कळली नसेल, पण तो मागे जाऊन उभा राहिला आणि त्यानं दादाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. किणकिण थांबली. नळी आपल्या जागी जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत यंत्र चालू झालं.

ऑफिसात परतल्यावर ताईंनी तीन कप मांडले. दोन काठोकाठ भरले, तिसरा अर्धाच, आणि तो दादापुढे सरकवला.

दादा कपाकडे बघत राहिला. "सांडेल गं," तो हळूच म्हणाला.

"सांडू दे की," ताई म्हणाल्या. "बशी कशाला असते मग?"