पेटीचा न थांबणारा सूर

आठ दिवसांचा ताप.

दारावर कागदी चांदणी, रंग उडालेली.

कागदाची एक घडी.

मित्रांनो, हे सगळं माझ्याच आयुष्यातलं आहे. मी पुलगावच्या एका छोट्या चर्चमधली जुनी बाजापेटी. सागवानी अंग, कातडी भाता. मधू मला वाजवायचा. शेजारी बसून त्याची आठ वर्षांची इला भाता मारायची. हात दुखले की म्हणायची, "बाबा, आटपा न आता!" मंडळी हसायची. माझं कौतुक व्हायचं, ते त्या दोघांमुळे.

मग ताप आला. इला गेली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब धीर द्यायला म्हणाले, "देवाला त्याच्या बागेसाठी एक फूल हवं होतं."

मधू ओरडला, "एवढ्या जगात त्याले माह्याच घरचं फूल दिसलं काय?" आणि त्याने मला उचलून आपटलं.

तो परत चर्चला आला नाही. माझा एक सूर थांबेना. भात्यात हवा भरली की पट्टी न दाबताच तो रडायचा. दुरुस्तीची गोष्ट निघाली तेव्हा मधूची बायको इंदिरा म्हणाली, "रडू द्या तिले. घरी कोणी रडत नाई."

वर्षभर मी कोपऱ्यात, धुळीत. फक्त नाताळच्या आदल्या दुपारी बाहेर पडायची. त्या दुपारी मंडळी घरोघर गाते. कोणाचंही घर वगळायचं नाही. दार उघडलं नाही तर पायरीवर उभं राहून एक गीत म्हणायचं, हा आमचा रिवाज. म्हणून इंदिरा सहा नाताळ स्वतःच्याच बंद दाराबाहेर, इलाने लावलेल्या कागदी चांदणीखाली गायली.

सातव्या वर्षी ढोलकवाले नानाजी म्हणाले, "इंदिराबाई, आपल्याच घरी पाहुण्या झाल्या तुमी. चहा तं भेटन ना?"

"दार उघडलं तं भेटन, नानाजी."

गीत सुरू झालं. माझा सूर रडू लागला.

दार उघडलं. दारात मधू.

"बंद करा न तो सूर! सात वर्षं झाले, झोपेतबी तोच ऐकून राह्यलो."

"मग तुमीच करा बंद," इंदिरा म्हणाली. "तुमीच लावला तो."

मधू पायरीवर बसला. त्याने माझं झाकण काढलं. आतली स्प्रिंग तुटून त्या सुराचं भोक उघडंच राहिलं होतं. कागदाची घडी खोचून त्याने ते भोक दाबलं.

शांतता.

पाळकसाहेब त्याच्या शेजारी बसले. "मधुभाऊ, त्या दिवशी मी नुसतं गप्प बसायला पाहिजे होतं. माफ करा."

 मधूने डोळे मिटले. "प्रभू, मले काई समजत नाई. माह्याजवळ गाणंबी नाई. हे तुटकंच घे." आणि त्याची बोटं माझ्यावर आली. मुक्या पट्टीशी गीत अडखळलं. तिथला सूर इंदिराने आपल्या गळ्यातून भरला.

इला परत आली नाही. माझा तो सूरही आला नाही. मधू आता रविवारी शेवटच्या बाकावर बसतो, गात नाही. पण प्रार्थनेच्या वेळी त्याच्या मुठी उघड्या असतात. शांती म्हणतात ती एवढीच असेल, तर ती आम्हा दोघांना मिळाली आहे.

मित्रांनो, मोडलेल्या वस्तू फेकू नका. आणि मोडलेल्या माणसाला कारणं समजावू नका. त्याच्या दाराशी उभे राहा. दरवर्षी.

मला आपटलं त्या रविवारी मधूही गुडघ्यांवर कोसळला होता. सगळ्यांनी आधी मला उचललं.