गोळ्यांची शर्यत

शिवलाल कटरे गुरुजींना घाई म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. चहा पूर्ण निवल्याशिवाय ते पीत नसत, आणि स्कूटर अशी चालवत की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात. सडक अर्जुनीच्या हायवेवरून आत वळलं की लागणाऱ्या गावात त्यांची शाळा होती. तिथे ते मुख्याध्यापक होते आणि गणित शिकवत. पोरं त्यांना भीत नसत, पण त्यांच्यासमोर धावतही नसत.

त्यांची बायको धनवंता मात्र नेमकी उलटी होती. भाजी चिरता चिरता ती भात टाकायची, भात शिजता शिजता अंगण झाडायची, आणि गुरुजींचा हात सदऱ्याच्या दुसऱ्या बाहीत शिरायच्या आत बचतगटाच्या सभेला निघून गेलेली असायची.

“तुमी आंघोळीले गेले ना जी, का तिकडच राह्यले?” हे वाक्य त्या घरात रोज सकाळी ऐकू येई.

यंदा विज्ञान दिनाच्या आठवडाभर आधी रीना मेश्राम मॅडम गुरुजींच्या खोलीत आल्या. त्या गोंदियाहून नव्यानेच बदलून आल्या होत्या आणि दहावीला विज्ञान शिकवत.

“सर, रासायनिक अभिक्रियेचा वेग हा धडा मला मैदानावर घ्यायचाय. गावातल्या लोकांनाही बोलवू.”

“आग?” गुरुजींनी विचारलं.

“नाही सर.”

“ॲसिड?”

“बाटलीतलं नाही. पाण्यात टाकली की फसफसते ना, ती व्हिटॅमिनची गोळी. तिची शर्यत लावायची.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. गोळीची शर्यत ही काय भानगड आहे ते त्यांना कळेना. पण नाही म्हणायला कारणही सापडेना. “पाहा बा. पण गोंगाट नको,” एवढंच ते म्हणाले.

अठ्ठावीस फेब्रुवारीला मैदानावर जो गोंगाट झाला, तो पलीकडच्या तळ्यापर्यंत गेला असावा. पोरं होती, पोरांच्या आया होत्या, आणि बचतगटाच्या बायकांना घेऊन धनवंताही आली होती. गेटबाहेर शालीकरामने बर्फगोळ्याची गाडी लावली होती. गुरुजी कडेला खुर्ची टाकून बसले. अर्ध्या तासात हे आटपेल असा त्यांचा हिशेब होता.

मॅडमनी आधी समजावून सांगितलं. “आठवडी बाजार डोळ्यासमोर आणा. लोक एकमेकांना धडकले तरच सौदा होतो असं समजा. आता सांगा, जास्त सौदे कधी होतील?”

“गर्दी झाली की!” दहावीतली दुर्गेश्वरी ओरडली.

“आणि?”

“लोक पळून राह्यले तर!”

“बरोबर. गोळीतही तसंच असतं. पाणी लागलं की तिच्यातले कण एकमेकांना धडकतात आणि त्यातून वायू सुटतो. धडका जितक्या जास्त, तितकं काम लवकर. आता प्रत्येक गटाला एक गोळी आणि एक ग्लास. पाणी या खुणेपर्यंतच. बाकी तुमचं डोकं. ज्याची गोळी आधी संपेल तो जिंकला.”

पोरं पोषण आहाराच्या खोलीकडे सुटली. चुलीवर पाणी तापतच होतं. सगळ्यांनी गरम पाणी आणलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत गोळी विरेल अशा खात्रीने ती उकिडवी बसली. धनवंताचा गट तेवढा जागेवर दिसेना. गुरुजींनी मान उंचावून पाहिलं, तर बायको स्वयंपाकाच्या खोलीतून खलबत्ता उचलून आणत होती.

“हे चालते का मॅडम?” ती विचारत होती.

“पळेल काकू!”

शिट्टी वाजली. पोरांच्या गोळ्या गरम पाण्यात फसफसत, गोल फिरत, वर येत विरू लागल्या. धनवंताने कुटलेली पूड ग्लासात ओतली आणि एकदाच फस्स झालं. फेस काठावरून तिच्या बांगड्यांवर आला आणि खाली बसला. ग्लासात रंगीत पाण्याशिवाय काहीच उरलं नव्हतं. पोरं अजून आपापल्या ग्लासात डोकावत होती.

“झाला जी आमचा सौदा!” धनवंताने ग्लास उंच धरला. बचतगटाच्या बायकांनी अशा टाळ्या पिटल्या की शालीकराम गाडी सोडून आत आला.

“असं काऊन झालं?” एका पोराने रडवेल्या आवाजात विचारलं.

“अख्ख्या गोळीला पाणी फक्त बाहेरून भिडतं,” मॅडम म्हणाल्या. “कुटलं की आतलीही सगळी बाजू बाहेर येते. बाजाराला एकच गेट असण्यापेक्षा शंभर गेटं असलेली बरी.”

धनवंता गुरुजींकडे वळली. सगळं गाव ऐकेल अशा आवाजात म्हणाली, “तुमी काऊन बसून राह्यले? या ना! का तुमची गोळी विरघळाले दिवाळी येन?”

सगळे हसले. पोरंही हसली, आणि मग गुरुजींकडे बघून चपापली. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण राग आला असं त्यांना वाटेना. काहीतरी वेगळंच वाटत होतं. लहानपणी विटीदांडूत आपला डाव आला की वाटायचं, तसं.

ते खुर्चीवरून उठले. “मॅडम, सगळ्यात हळू कोनाची, अशी शर्यत नाही का?”

मॅडमचे डोळे चमकले. “आहे ना सर! आत्ताच सुरू झाली. गोळी पूर्ण बुडालेली हवी आणि विरत राहायला हवी. ज्याची सगळ्यात उशिरा, तो जिंकला.”

आता पोरं माठाकडे पळाली. धनवंताही पळाली. बर्फ मिळवण्यात तिने पहिला नंबर मारला आणि शालीकरामकडून किसलेल्या बर्फाचा ढीगच ग्लासात कोंबून आणला. गुरुजी मात्र तिथेच हात मागे बांधून उभे राहिले. बाजार, ते मनाशी म्हणत होते. थंडी पडली की लोक हळू चालतील, हे तर सगळ्यांनाच सुचलं. पण चालायची वाटच अवघड केली तर? बाजारात गुडघाभर चिखल असला तर?

ते संथ पावलांनी गाडीकडे गेले. “शालीकराम, तुह्याकडे तो दाट पाक आहे ना, रंग न टाकलेला? बर्फात ठेवलेला?”

“हाये ना गुरुजी. गोळा बनवू?”

“गोळा नको. पाकच दे. ग्लासभर.”

“नुसता?” शालीकरामला वाटलं गुरुजींना ऊन लागलं.

पुन्हा शिट्टी झाली. थंड पाण्यातल्या गोळ्याही फसफसल्या, पण आळसावल्यासारख्या. गुरुजींच्या ग्लासात गोळी बुडाली ती बुडालीच. काही क्षणांनी तिच्या अंगावर मोजके बुडबुडे धरले. एक सुटला आणि पाकातून असा वर चढू लागला, जसं शाळा सुटायची घंटा झाल्यावरही कुणी निवांत दप्तर भरत असावं.

एकेक ग्लास संपत गेला. माठाच्या पाण्यातली पोरं बाद झाली. मग धनवंताचा बर्फ वितळला, आणि गोळीचा शेवटचा तुकडा सूं करून नाहीसा झाला. “थांब ना वं!” ती त्या तुकड्याला म्हणाली होती. कुणाला थांब म्हणण्याची तिची ती आयुष्यातली पहिलीच वेळ असावी.

गुरुजींची गोळी अजून अर्धी शिल्लक होती. सगळं मैदान त्यांच्या ग्लासाभोवती गोळा झालं.

“सर, हे कसं?” दुर्गेश्वरीने विचारलं.

“थंड आहे, म्हणून कण हळू. दाट आहे, म्हणून धक्का खायले वाटच नाही. आणि जागा साखरेनच अडवली, तर पानी गोळीले भेटन कसं?” बोलता बोलता आपण हातवारे करतोय आणि आवाज चढलाय, हे गुरुजींच्या ध्यानातही आलं नाही. पंचवीस वर्षं गणित शिकवताना त्यांनी एवढा आवाज कधी काढला नव्हता.

“सर जिंकले!” कुणीतरी ओरडलं, आणि पोरांनी मुख्याध्यापकांना चक्क उचललं. धनवंता पदर तोंडाला लावून हसत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

शेवटी मॅडमनी एक अरुंद मानेची बाटली मधोमध ठेवली आणि सगळ्यांना मागे सारलं. डोळ्यांना चष्मा लावून, हातमोजे घालून त्यांनी बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि भांडी घासायचा साबण ओतला. काहीच झालं नाही. मग त्यांनी कच्च्या बटाट्याचा कीस आत ढकलला. बाटलीच्या तोंडातून पांढरा फेस वर येऊ लागला, थांबेचना, आणि मातीवर जाड सापासारखा वेटोळी घालत पसरला. लहान पोरं किंचाळत नाचू लागली.

“बटाटा स्वतः यात खर्च होत नाही,” मॅडम म्हणाल्या. “तो फक्त कामाला वेग देतो. त्याच्या अंगात तसा पदार्थ आहे. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात.”

“म्हंजे आमच्या धनवंता काकू!” दुर्गेश्वरी म्हणाली.

सगळ्यात मोठ्याने गुरुजी हसले.

त्या दिवशी संध्याकाळी शेजारचे चुन्नीलाल पटले धानाच्या बियाण्याचं विचारायला कटऱ्यांच्या अंगणात आले. बघतात तर नवरा-बायको दोघंही दोन ग्लासांवर वाकून बसलेली. मॅडमकडे उरलेल्या गोळ्यांची नळी मध्ये ठेवलेली.

“तुमी लिंबू टाकलं, हे बरोबर नाही जी,” धनवंता म्हणत होती.

“काऊन नाही? टाकल्यानं काय होते ते पाहू तरी दे.”

चुन्नीलाल खाकरले. कुणीच वर पाहिलं नाही. ते पुन्हा खाकरले. मग त्यांनी चपला काढल्या, ग्लासांशेजारी उकिडवे बसले आणि थोडा वेळ बुडबुडे पाहत राहिले.

“मले बी द्या जी एक,” ते म्हणाले.