सतराव्या प्रश्नाला होय

बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता बोटीनं मुलांना नेणं बंद केलं. बोट थांबली नाही, कुणाला कुठे उतरवलंही नाही. बोट आपली पुढे चालली होती आणि मुलं जिथे होती तिथेच राहिली, एवढंच.

वृषाली चौगुलेला ते नाश्त्याच्या टेबलावर कळलं. तिची सात वर्षांची ओजू समोरच्या खुर्चीत बसून उपीट चिवडत होती. बघता बघता ती खुर्चीच्या पाठीतून मागे गेली. खुर्ची पुढे आली, चमचा टेबलावर पडला, ओजू बसल्या जागी हवेत बसलेली. मग पलीकडचं टेबल तिच्यातून आरपार गेलं, त्यावरच्या किटलीसकट.

"ओजू, नीट बस," वृषाली सवयीनं म्हणाली.

"नीटच बसलेय," ओजू म्हणाली. खोटं नव्हतंच ते.

तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला. प्रवाशांच्या इच्छेचा मान राखून ही बोट आजपासून फक्त प्रौढांसाठी आहे. चहा अकराला मिळेल.

आता प्रवाशांची इच्छा म्हणजे काय, तेही सांगायला हवं. या सहलीला इचलकरंजीची त्रेचाळीस मोठी माणसं आली होती आणि एकटी ओजू. वृषालीचा नवरा कारखान्यातून सुटेना, म्हणून मायलेकीच आल्या. आपली मंडळी सहलीला निघाली की भडंगाचे डबे बरोबर असतात, एक टूर लीडर असतो, आणि एक कुणीतरी असतं ज्याचं अक्षर चांगलं. त्या बिचाऱ्याच्या गळ्यात सगळ्यांचे फॉर्म पडतात. इथे ती वृषाली. शाळेत मास्तरीण, अक्षर मोत्यासारखं. मंगळवारी नाश्त्याला बोटीनं अभिप्रायाचे फॉर्म वाटले, माणशी एक, प्रश्न एकोणीस. टूर लीडर पराग म्हणाला, "ताई, तुम्हीच भरून टाका सगळे. आणि होयच लिहा हं सगळीकडे. नाही लिहिलं की खाली कारण लिहावं लागतं."

कारण लिहायचा कंटाळा कुणाला नसतो? जेवण आवडलं का, होय. खोली स्वच्छ होती का, होय. सतरावा प्रश्न होता, ही बोट यापुढे फक्त प्रौढांसाठी असावी का. त्याच्यापुढेही होय. त्रेचाळीस वेळा. मंडळींनी भडंग खात खात सह्या ठोकल्या आणि वृषालीनं गठ्ठा नेऊन दिला. बोटीवर तीन हजार माणसं होती. बाकीच्यांनी कुणी फॉर्म भरलेच नाहीत.

तर बुधवारी सकाळी वृषाली टेबलाला वळसा घालून धावली आणि ओजूला तिनं कडेवर घेतलं. कडेवर घेतली की ती थोडा वेळ आईबरोबर यायची, मग पाठीच्या बाजूनं हळूहळू सुटायची. बोटीचा वेग मोठा असतो म्हणतात, पण मुलं त्या वेगानं सुटत नव्हती. रांगतं मूल घरभर फिरतं ना, तेवढ्याच गतीनं. अडचण भिंतींची होती. भिंत ओजूतून निघून जायची, वृषालीतून जात नव्हती. म्हणून ती लेकीला घेऊन उघड्या डेकवर आली. डेक बोटीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सरळ होता, चारशे पावलं. पुढच्या टोकाला न्यायचं, ओजू मागे सरकायला लागली की तिच्याबरोबर चालायचं, मागचा कठडा जवळ आला की उचलून पुन्हा पुढे. करता येण्यासारखं होतं. घरी तरी आईला दुसरं काय असतं, असं वृषाली स्वतःला म्हणाली.

डेकवर तिला इतरही आयाबाप दिसले, पोरांना हाताशी धरून येरझाऱ्या घालणारे. पण सगळ्यांना वेळेवर कळलं नव्हतं. एका जोडप्याचं तान्हं मूल केबिनमध्ये पाळण्यात झोपलं होतं. पाळणा पुढे गेला. आईबाप जिने चढून, दारं उघडून मागच्या कठड्याशी पोचले तेव्हा मूल बोटीबाहेर गेलेलं. सहाव्या मजल्याच्या उंचीवर, हवेत, झोपलं होतं तसंच झोपलं होतं. पडलं नाही, रडलं नाही. नुसतं लहान लहान होत गेलं. दोघं बराच वेळ बघत राहिले. मग आत जाऊन बसले. वेटरनं किती चहा म्हणून विचारलं तर बाई म्हणाली, तीन. मग म्हणाली, दोन.

ते बघून वृषाली ओजूला घेऊन त्याच डेकच्या मध्यावर असलेल्या चौकशीच्या खिडकीशी गेली. तिथे फर्नांडिस नावाच्या अधिकारी बाई होत्या. कुणाचंही वाईट न चिंतणारा चेहरा.

"बोट थांबवा," वृषाली म्हणाली. बोलताना ती जागच्या जागी ओजूला पुन्हा पुन्हा पुढे ओढत होती.

"बोट थांबली तरी काय फायदा, मॅडम? ती पुन्हा निघणारच. मत बदललं पाहिजे. ज्यांनी होय दिलंय, त्या त्रेचाळीस जणांनी चार वाजेपर्यंत इथे येऊन नाही म्हणायचं. तोंडी चालेल. कारण मात्र हवं."

"त्यांनी होय दिलंच नाही हो. मी लिहिलं."

"सह्या त्यांच्या आहेत."

वृषालीला हायसं वाटलं. आपलीच तर माणसं. ओजूला ज्यांनी बसमध्ये मांडीवर झोपवलं, तिच्या हातावर गोळ्या ठेवल्या, ती माणसं चार पावलं चालणार नाहीत? मंडळी डेकवरच होती, पुढच्या टोकाला आरामखुर्च्या टाकून. ती आधी मगदूमकाकांकडे गेली. काका निवृत्त हेडमास्तर, गल्लीतल्या भांडणात शेवटचा शब्द त्यांचा.

"काका, तेवढं खिडकीशी चला आणि नाही म्हणा."

काकांनी चष्मा काढला. "वृषाली, तू लिहिलंस ते विचार करूनच लिहिलं असशील. मी वाचून सही केली."

"तुम्ही वाचलं नव्हतं, काका. तुम्ही भडंगातले शेंगदाणे वेचत होतात."

"असेल. पण आता वाचलं नाही असं कसं म्हणू? हेडमास्तर होतो मी."

ओजू काकांच्या खुर्चीतून मागे निघाली होती. काकांनी पाय जरा आखडून घेतले, तिला वाट मिळावी म्हणून.

शेटेवहिनींना काही समजवावं लागलं नाही, त्या ओजूकडे बघून आधीच रडत होत्या. "माझं सोन्यासारखं लेकरू गं," म्हणाल्या, पदर डोळ्याला लावला. पण उठल्या नाहीत. "खरं सांगू का तुला? रागावू नकोस. गेल्या तासाभरात माझं डोकं दुखायचं थांबलंय. तीस वर्षांनी थांबलंय गं. तू बाकीच्यांना विचार, सगळे हो म्हणाले की मी येतेच शेवटी."

बाकीचेही तेच म्हणाले. शेवटी येतो. त्रेचाळीस माणसांत पहिलं व्हायला कुणी मिळेना. पराग म्हणाला, "ताई, ग्रुपचा एक निर्णय झाला की मला मोडता येत नाही, माझी नोकरी आहे." आणि विचारता विचारता प्रत्येक खेपेला वृषालीच्या लक्षात येत गेलं, की मंडळींच्या खुर्च्या मागे मागे येतायत. पुढच्या टोकाला वारा फार म्हणून मंडळी मध्यावर आली, मध्यावर ऊन म्हणून आणखी मागे. जिथे खुर्च्या तिथे दोरी, दोरीला पाटी, शांतता राखा. दोरीच्या पुढे मुलांना न्यायची सोय नव्हती. चारशे पावलांची दोनशे झाली, दोनशेची ऐंशी. येरझाऱ्या घालणारे आयाबापही आता मोजकेच उरले होते.

साडेतीनला वृषाली एकटीच खिडकीशी गेली, म्हणजे ओजूला घेऊन एकटी. खिडकीही मागे आली होती, त्यामुळे लांब जावं लागलं नाही.

"माझ्यापुरतं नाही लिहून घ्या," ती म्हणाली. "एक तरी कमी होईल."

"कारण?"

"माझी मुलगी आहे."

"ते कारण नाही, मॅडम. ती माहिती झाली."

फर्नांडिसबाईंनी गठ्ठ्यातून तिचा फॉर्म काढून समोर ठेवला. बेचाळीस फॉर्मवर नुसतं होय होतं. तिच्या स्वतःच्या फॉर्मवर सतराव्या प्रश्नापुढे, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, आणखी तीन शब्द होते. शक्य तितक्या लवकर.

तिला आठवलं. मंगळवारी ओजू तिचं कोपर ओढत होती, आई पोहायला चल, आई चल ना, आई किती फॉर्म राहिले. दुधाचा पेला कलंडला, चार फॉर्म भिजले, पुन्हा लिहावे लागले. तेव्हा ती आपल्या फॉर्मवर आली होती. लिहिताना तिला बरं वाटलं होतं. कुणी वाचणार नाही असं वाटलं होतं. वृषालीला लाज वाटली, इतकी की फर्नांडिसबाईंकडे बघवेना.

"रागात लिहिलं मी," ती म्हणाली.

"राग हे कारण चालतं," बाई म्हणाल्या, "पण होयसाठी. नाहीसाठी चालत नाही. मी तरी काय करू?"

मग वीस पावलं उरली. मग बारा. वृषालीचे दंड भरून आले होते, पायांत गोळे येत होते, तरी ती ओजूला उचलून दोरीपर्यंत नेत होती आणि पुन्हा नेत होती. ओजूही थकली होती, पण शहाण्यासारखी स्वतःची पावलं टाकत होती.

"वृषाली," दोरीपलीकडून मगदूमकाका म्हणाले, "जरा हळू चालशील? शेटेवहिनींचा आत्ताच डोळा लागलाय."

तिनं चपला काढल्या. एवढं तिला करता आलं. आपण असं का केलं, ते तिला कळलं नाही.

चारला खुर्च्या आणखी एकदा सरकल्या आणि चालायला जागा उरली नाही. वृषाली दोरीला पाठ लावून उभी राहिली. ओजूचे दोन्ही हात तिनं धरले होते. कठडा ओजूच्या पाठीला आला, पाठीतून पोटात आला. ओजूला गुदगुल्या झाल्या, ती हसली. मग कठडा दोघींच्या मधे आला आणि ओजू पलीकडे, हवेत, पाय जोडून उभी.

"हात सोडू नकोस," वृषाली म्हणाली.

"सोडत नाहीये," ओजू म्हणाली.

दोघींनीही सोडला नाही. वृषालीचं पोट कठड्यावर दाबलं गेलं, खांदे ताणले गेले, मनगटं, मग नुसती बोटं, आणि मग हात रिकामे होते. ओजू एका हातावर, मग दोन हातांवर. तिच्या मागे, सकाळपासूनच्या वाटेवर, बाकीची मुलं उभी होती, बसलेली होती, आपापल्या मजल्याच्या उंचीवर. लांबची तर ठिपक्याएवढी.

वृषालीनं साडी खोचली, कठडा ओलांडला आणि हात सोडून दिले.

ती पडली नाही. ती प्रौढ होती, बोट तिला नेत होती. पायाखाली काही नव्हतं, खाली फेसाळ पाणी मागे पळत होतं, आणि ती हवेत तशीच बोटीबरोबर पुढे चालली होती, तोंड ओजूकडे करून.

ओजूच्या कपाळावर आठी पडली.

"आई," तिनं विचारलं, "तू कुठे चाललीस?"

वृषाली धावायला लागली. सगळा जीव एकवटून धावत होती, अनवाणी, दोन्ही हात पुढे करून. कठडा तिच्या पाठीशी एका हातावर होता. तेवढ्याच अंतरावर राहिला.