बुधवारचे अठ्ठावीस मैल

लिनेटने बसच्या मागे, इंजिनाच्या झाकणावर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

"झालं का?" कीरनने लांबूनच विचारलं. चिखल टाळून तो फरशीच्या एका तुकड्यावर उभा होता. बूट नवे होते. "नंबरप्लेट जुळली, चॅसिस नंबर जुळला. एकतिसावी गाडी. खूण करा, की निघू."

"ही गरम आहे."

"ऊन पडलंय."

"उन्हाने पत्रा तापतो, बाळा. हे आतून तापलंय."

कीरन चोवीस वर्षांचा, तिचा साहेब. लिनेट सत्तेचाळीसची, त्याच्या हाताखालची शिकाऊ. एकोणीस वर्षं हल शहरात बस चालवल्यावर तिने ऑडिट करणाऱ्या एका फर्ममध्ये नोकरी धरली होती. चार दिवस लोकांच्या कंपन्यांत जाऊन तपासणी, शुक्रवारी विद्यापीठ, आणि चार वर्षांनी पदवी. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा तिला प्राध्यापक समजून पोरं गप्प झाली होती. तिने मागच्या बाकावर पिशवी ठेवली तेव्हा सगळी हसली, आणि तीही हसली. आता दुसरं वर्ष सरत आलं होतं.

आजचं काम सोपं होतं. मिसेस थर्लबींच्या बस कंपनीच्या यादीत एकतीस गाड्या होत्या. त्या खरोखर आहेत ना, एवढं डोळ्यांनी पाहायचं. तीस गाड्या मोठ्या डेपोत मिळाल्या. ही शेवटची, समुद्राकडच्या एका खेड्याबाहेर, जुन्या आवारात. तिच्यापुढे यादीत लिहिलं होतं: ऑक्टोबरपासून उभी, विमा बंद, किंमत जवळजवळ शून्य.

लिनेट आत चढली. किल्ली लावलेलीच होती. तिने ती अर्धी फिरवली आणि मीटरवरचा मैलांचा आकडा वाचला.

"चार लाख तेरा हजार एकशे सेहेचाळीस. तुझ्याकडे ऑक्टोबरचा काय लिहिलाय?"

कीरनने कागद उलटले. "चार लाख बारा हजार तीनशे सहा."

"म्हणजे उभ्या गाडीने आठशे चाळीस मैल केले."

कीरन शेवटी चिखलात उतरला आणि बसच्या पायरीशी येऊन उभा राहिला. "लिनेट, आपल्याला एवढंच विचारलंय, गाडी आहे का. आहे. शुक्रवारी फाइल द्यायचीय."

"तूच शिकवलंस ना मला? जे पाहिलं ते लिहायचं."

"शिकवलं खरं," तो बुटांकडे बघत म्हणाला. "नको ते लक्षात ठेवता तुम्ही."

तेवढ्यात नेव्ह चहाचे दोन मग घेऊन आला. तो इथला मेकॅनिक, पासष्टी ओलांडलेला, हे आवार एकटाच सांभाळायचा. लिनेट ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली दिसली तेव्हा त्याची पावलं मंदावली.

"मध्यभागी जरा उसवलीय ती सीट," तो म्हणाला. "जपून, बाई."

लिनेटने मग घेतला. "आज बुधवार. ऑक्टोबरच्या मध्यापासून आजपर्यंत बुधवार किती झाले, नेव्ह?"

नेव्हने तिच्याकडे न बघता दुसरा मग कीरनला दिला.

"तीस," लिनेटच म्हणाली. "आठशे चाळीसला तीसने भागलं की अठ्ठावीस येतात. इथून सगळ्यात जवळचं मोठं गाव विदर्नसी, चौदा मैल. जाऊन-येऊन अठ्ठावीस."

"पण बुधवारच कशावरून?" कीरनने विचारलं.

"इंजिन आज गरम आहे म्हणून. अंदाज होता. पण यांचा चेहरा बघ."

नेव्ह पायरीवर बसला. त्याला सगळं सांगून टाकायचंच होतं, कोणी विचारलं नव्हतं इतकंच, असं त्याच्या बोलण्यावरून वाटलं. ऑक्टोबरात कंपनीने या खेड्याची बस बंद केली. सात म्हाताऱ्या आणि एक म्हातारबा अडकून पडले. कोणाचा डॉक्टर विदर्नसीला, कोणाची बहीण. पहिल्या बुधवारी एडिथबाईंच्या डोळ्यांची तपासणी होती म्हणून तो बस घेऊन गेला. परत येताना त्यांनी विचारलं, पुढच्या बुधवारी किती वाजता?

"मग काय सांगणार? नऊला म्हटलं."

"मिसेस थर्लबींना ठाऊक आहे?"

"त्या इथे फिरकत नाहीत." त्याने लिनेटकडे मान वर करून पाहिलं. "अन् इंजिनाला हात लावायचं तुम्हा हिशेबवाल्यांना कोण शिकवतं?"

"एकोणीस वर्षं बस चालवली मी. हल शहरात."

"अगं मग ड्रायव्हर आहेस की!" नेव्ह एकदम खुलला. "तुला तरी कळेल. लिहिणार नाहीस ना?"

"लिहिणार."

नेव्हचा चेहरा पडला. कीरनने उगाच यादीवर बोट फिरवलं.

"एकदा पुलावर माझी गाडी घसरली होती," लिनेट म्हणाली. "बर्फ होतं. मागे बारा माणसं. कठड्याला जेमतेम टेकली, कोणाला ओरखडाही नाही. तरी महिनाभर मला झोप नव्हती. आणि त्या गाडीचा विमा होता, नेव्ह. तुझ्या मागे आठ जण बसतात. एडिथबाईंचं काही मोडलं, तर कोणाकडे जायचं त्यांनी?"

नेव्हने तळव्यावरचं ग्रीस अंगठ्याने खरवडलं.

"नोकरी जाईल माझी," तो म्हणाला.

"जाईलही."

कीरनने घसा साफ केला. "मी संध्याकाळी पाच वाजता आमच्या मॅनेजरला फोन करणार आहे," तो म्हणाला. "आता एक वाजलाय. मधल्या वेळात मिसेस थर्लबींना तुम्ही स्वतःच सांगितलंत, तर त्याला आमची हरकत असायचं कारण नाही."

लिनेटने त्याच्याकडे नव्याने पाहिलं. परतताना गाडीत तिने टिपण लिहिलं, नऊ ओळींचं. कीरनने ते वाचलं, एक स्वल्पविराम हलवला आणि खाली सही केली.

तीन आठवड्यांनी मिसेस थर्लबींचं उत्तर आलं. मॅनेजरने ते कीरनकडे दिलं आणि कीरनने लिनेटच्या टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचलं. पहिला परिच्छेद रागाचा होता. दुसऱ्यात राग उतरला होता: गाडीचा विमा पुन्हा सुरू केला आहे, किंमत यादीत दुरुस्त केली आहे, बुधवारची फेरी आता रीतसर आहे. नेव्हला लेखी समज दिली आहे आणि गाडी चालवायला बंदी आहे. तो कामावर आहे, कारण त्याच्यासारखा मेकॅनिक मिळत नाही.

"आणि शेवटी," कीरन म्हणाला, "'ज्यांनी इंजिनाला हात लावून पाहिला, त्या बाईंकडे लायसन्स अजून आहे का? मला बुधवारसाठी ड्रायव्हर मिळत नाही. नेव्हने विचारायला सांगितलं आहे.'"

आजूबाजूची टेबलं हसली. लिनेट सगळ्यांत मोठ्याने हसली.

"नियमात बसत नाही," कीरन म्हणाला. "ज्यांचं ऑडिट करतो, त्यांच्याकडे..."

"ठाऊक आहे. मागच्या परीक्षेत आला होता तो प्रश्न."

लोक पुन्हा आपापल्या कामाला लागले. कीरन तिथेच रेंगाळला.

"आहे का, पण?" त्याने हळूच विचारलं. "लायसन्स?"

"आहे. ते टिकवायला दरवर्षी एक शनिवार प्रशिक्षणाला बसावं लागतं. दोन्ही वर्षं बसले."

"कधी बोलला नाहीत."

"नापास झाले तर परत जायला वाट हवी ना."

कीरनने तिच्या टेबलावरचा रिकामा मग उचलला. "चहा आणतो," म्हणून तो गेला.

लिनेटने मिसेस थर्लबींना द्यायचं उत्तर लिहायला घेतलं. आभार मानले, नकार कळवला, नेव्हला नमस्कार सांगितला. मग तो अधिकृत पत्रात शोभत नाही म्हणून खोडला, आणि थोड्या वेळाने परत लिहिला. तेवढ्यात फोन थरथरला. ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्राचा निरोप होता: येत्या शनिवारची तुमची जागा राखून ठेवली आहे, येणार ना?

तिने फोन हातात धरला. खिडकीखाली रस्त्यावर एक बस थांबली, माणसं चढली, बस गेली. कोणता क्रमांक, हे बघायला ती उठली नाही.

'नाही येणार,' तिने लिहिलं. 'जागा दुसऱ्या कोणाला द्या. धन्यवाद.'

मग तिने समोरची नवी यादी ओढली. एका रोपवाटिकेची होती: अकरा हजार सफरचंदाची कलमं, मोजणी सोमवारी, सकाळी सातला.

"कीरन," तिने हाक मारली, "या वेळी गमबूट आण रे."